बर्फघराचा नऊ इंची दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. उंची साडेसहा फूट, रुंदी चार फूट, जाडी नऊ इंच आणि वजन एकशे ऐंशी किलो. एवढी मोजमापे सांगतो, कारण लोक मला नेहमी इतर दरवाजांसारखा समजतात. इतर दरवाजे माणसांची ये-जा व्हावी म्हणून करतात. मला मात्र बंद राहण्यासाठी केले होते.

या रस्त्यावर पूर्वी बर्फाचा कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला बर्फ साठवण्याची खोली होती. खोलीला एकही खिडकी नव्हती. विटांच्या दोन भिंती आणि मधल्या जागेत बुचाच्या फळ्या, अशी तिची बांधणी. बाटलीचे बूच ज्या सालीचे असते, त्याच सालीच्या या फळ्या. बुचात हवेचे लाखो बारीक कप्पे असतात आणि अशा कोंडलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश सरकते. या खोलीचे तोंड झाकायला मी हवा होतो.

दोन भावांनी मला घडवले. थोरला सुतार, धाकटा पत्र्याचे काम करणारा. थोरल्याने सागवानाचा सांगाडा जोडला आणि त्यात बुचाच्या फळ्यांचे तीन थर बसवले. खालच्या थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येऊ नये, म्हणून तो प्रत्येक फळी थोडी सरकवून लावत होता. धाकटा कंटाळला.

"दादा, वरून पत्रा ठोकायचाय. आतले सांधे कुणाला दिसणार आहेत?"

"उष्णतेला दिसणार आहेत," थोरला म्हणाला आणि त्याने ती फळी पुन्हा काढून नीट बसवली.

मग धाकट्याने मला जस्ताच्या पत्र्याने मढवले. माझ्या तीन कडांना लोकरीच्या जाड नमद्याची पट्टी लावली. खालच्या कडेला कातड्याची झालर लावली. मी बंद झालो की ती जमिनीवर घट्ट टेके. थंड हवा जड असते, ती खाली उतरते आणि बारीकशी फट मिळाली तरी पाण्यासारखी वाहून जाते. म्हणून माझी सगळ्यात महत्त्वाची बाजू होती खालची. जी कुणी वाकून बघत नाही ती.

शेजारच्या दालनात बर्फ तयार होई. तिथे मोठ्या हौदात मिठाचे पाणी असे. ते शून्य अंशाच्या बरेच खाली गेले तरी गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे उंच डबे बुडवून ठेवत. दीड दिवसाने डब्यातून बर्फाची लादी निघे. आतून पांढरट, कडेला काचेसारखी. ती घसरत माझ्यापर्यंत येई. मी उघडे, ती आत जाई, मी बंद होई. मित्रांनो, एवढेच माझे आयुष्य होते आणि ते मला पुरेसे होते.

आमचा मुकादम तेव्हा पंचविशीतला होता. काटक, बुटका आणि आवाज असा की हौदापलीकडच्या माणसाला धडकी भरावी. मला उघडले की तो मोठ्याने आकडे म्हणू लागे. सात म्हणायच्या आत मी बंद व्हायला हवा, असा त्याचा नियम होता. कुणी दारात रेंगाळले की संपलेच.

"अरे, पाहुणा आहेस का? दारात उभा राहून निरोप कसला घेतोस? एक तर आत हो, नाही तर बाहेर हो!"

एकदा भर उन्हाळ्यात कारखान्याचे मुख्य यंत्र बंद पडले. तीन दिवस नवा बर्फ होणार नव्हता. मोठ्या दवाखान्यात तापाचे रुग्ण भरलेले होते आणि तिथे रोज बर्फ लागत होता. मुकादमाने माझ्यासमोर स्टूल टाकले आणि तो तिथेच बसून राहिला. दिवसातून दोनदा, फक्त दवाखान्याच्या गाडीसाठी, तो मला उघडू देई. खुद्द मालक "जरा बघू तरी" म्हणत आले, तर म्हणाला, "मालक, बघायला आत वितळलेलं काही नाही. उघडलं तर मात्र बघायला मिळेल." तीन दिवसांनी इंजिनिअर आला. त्याने आतले तापमान मोजले, वहीत लिहिले आणि माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "शाबास!" त्या एका शब्दाची मला अजून ऊब वाटते. बर्फघराच्या दरवाजाने ऊब हा शब्द वापरू नये, पण वाटते खरी.

मग दिवस बदलले. घरोघरी फ्रिज आले. त्यांचे दरवाजे म्हणजे माझ्याच कुळातले, पण सडपातळ, रंगीत आणि बोटाने उघडणारे. बर्फासाठी कारखान्याकडे येणारी माणसे कमी झाली. शेवटच्या दिवशी मुकादमाने उरलेल्या लाद्या फोडून रस्त्यावरच्या सगळ्यांना वाटल्या. मग तो माझ्याजवळ आला. त्याने मला सताड उघडे केले आणि माझ्याखाली पाचर ठोकली. बंद खोलीला कुबट वास येतो, म्हणून तसे करावेच लागते. त्या दिवशी त्याने आकडे म्हटले नाहीत. पाठीमागे हात बांधून तो निघून गेला.

पुढची अनेक वर्षे माझ्या मागच्या खोलीत तुटक्या खुर्च्या आणि उतरवलेल्या पाट्या पडून होत्या. उंदरांनी माझा नमदा कुरतडून त्यांच्या पिल्लांसाठी अंथरूण केले. मी त्यांना दोष देत नाही. निदान त्यांना तरी तो उपयोगाचा वाटला. अधूनमधून कुणीतरी जागा बघायला येई. एक जण म्हणे, खिडकी नाही. दुसरा भिंतीवर टिचकी मारून म्हणे, पोकळ वाजते, पाडावीच लागेल. माझ्याकडे बघून तर सगळेच हसत. "हा दरवाजा आहे की भिंत?"

मग एक दिवस एक बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. त्यांनी खिडकीबद्दल विचारले नाही. खुर्च्या ओलांडून त्या खोलीच्या मध्यभागी गेल्या आणि त्यांनी एकदाच टाळी वाजवली. मग बाहेर आल्या, पाचर काढली आणि दोन्ही हातांनी मला ओढून आतून बंद करून घेतले. जागा दाखवायला आलेला माणूस बाहेर घाबराघुबरा झाला.

"बाई! अहो बाई! ठीक आहात ना?"

पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या. केसांत कोळिष्टके आणि चेहरा असा, जणू हरवलेली वस्तू सापडली.

"आत माझ्याच छातीचे ठोके ऐकू आले मला," त्या म्हणाल्या. "जागा घेतली!"

त्या कान तपासणाऱ्या होत्या. कुणाला किती ऐकू येते, हे मोजायला अगदी शांत खोली लागते. या गजबजलेल्या रस्त्यावर अशी जागा त्या तीन महिने शोधत होत्या. थंडी अडवणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले. उष्णतेसाठी माझ्या पोटातले बूच कामाला येई. आवाजासाठी माझे वजन, जाड भिंती आणि माझे घट्ट बसणे कामाला आले. फट मात्र दोघांनाही सारखीच आवडते.

कामाला सुरुवात झाली. खुर्च्या गेल्या, भिंती पुसल्या गेल्या, नवा नमदा आला. जमिनीवर नवी फरशी बसली आणि तिथेच घोटाळा झाला. फरशीमुळे जमीन पाऊण इंच वर आली आणि मी अडकलो. खालून कापून घेण्याशिवाय इलाज नव्हता. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सुताराकडे मला न्यायचे ठरले. चार माणसे मला उचलायला आली, एकमेकांकडे बघून हसली आणि आणखी दोघांना बोलावून आणले. त्यांनी मला हातगाडीवर उताणे ठेवले.

मित्रांनो, हा माझ्या आयुष्यातला एकुलता एक प्रवास. साठ वर्षे मी या रस्त्यावर राहिलो आणि रस्ता कधी पाहिला नव्हता! शिवाय मी उताणा होतो. चालणारी माणसे दुकानांच्या काचा बघतात, मला इमारतींचे वरचे मजले दिसत होते. आणि इमारती, बरे का, वरच्या अंगाला काही लपवत नाहीत. खाली सगळे नवे असते. वर जुनी अक्षरे, जुने कठडे तसेच राहतात.

पहिली आली बँकेची इमारत. खाली बेकरीची पाटी होती, पण वर दगडात कोरलेले बँकेचे नाव अजून वाचता येत होते. तिजोरीच्या खोलीत आता पिठाची पोती ठेवतात, असे गाडी ढकलणारा सांगत होता. तिच्या लोखंडी दारातून उंदीर जाऊ शकत नाही. ते ऐकून मला त्या दाराचा थोडा हेवा वाटला.

पुढे आगीच्या बंबांचे ठाणे. बंबांच्या तीन उंच कमानींत आता रंगारी बसतो. ठाण्याच्या मनोऱ्यात पूर्वी बंबाचे लांब कापडी नळ टांगून वाळवत. आता तिथे रंगवलेले कापड टांगतात. निळे, हळदी, किरमिजी असे चाळीस फुटी पट्टे माझ्यावरून हलत गेले. नळ वाळवणारा मनोरा कापड वाळवतो आहे. फक्त वाळायची वस्तू बदलली.

त्यानंतर चित्रपटगृह. तिथे आता लहान मुलांचे पाळणाघर आहे. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन तशीच राहिली. त्यामुळे मुलांचा प्रत्येक चेंडू घरंगळत पडद्याच्या जागी जमा होतो आणि सांभाळणाऱ्या मावशींना चेंडू शोधावे लागत नाहीत. दारातूनच एक मावशी हे हसत हसत ओरडून सांगत होत्या.

आणि शेवटी ट्रामची शेड. तिच्या जमिनीतले रूळ अजून होते. सुताराने त्या रुळांवर चाके लावून आपली अवजड टेबले बसवली होती. लाकूड कापायचे असले की टेबल ढकलायचे, उजेडात न्यायचे. मी गाडीवरून त्या टेबलावर गेलो आणि ट्रामसारखा सरकत आत शिरलो.

वाटेत मी एक हिशोब मांडला होता. बँकेच्या दाराचा जाडपणा, मनोऱ्याची उंची, जमिनीचा उतार, हे सगळे कशासाठी होते हे कुणीतरी आधी नीट पाहिले, म्हणून ते आजही कामाला येते आहे. मला वाटले, माझेही तसेच होईल.

सुतार पन्नाशीचा, हाताचा सच्चा माणूस. त्याने माझ्या पत्र्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "काय काम केलंय! असं आता कुणी करत नाही." मग टेप लावला. फरशी पाऊण इंच वर आली होती. त्याने खूण मात्र एक इंचावर केली. लाकूड दमट हवेत फुगते आणि खाली जागा नसली की दार घासते. म्हणून चांगला सुतार दाराखाली दोन सूत, म्हणजे पाव इंच जागा सोडतो. वडिलांनी त्याला हे शिकवले होते, त्याने आपल्या मुलांना शिकवले होते. त्याचे एकही दार कधी घासले नव्हते.

त्याने करवत चालवली. कातड्याची जुनी, कडक झालेली झालर त्या तुकड्याबरोबर गळून पडली. त्याला ती चिंधी वाटली. मी ओरडलो असतो, मित्रांनो, पण दरवाजाला फक्त करकरता येते आणि त्याने माझ्या बिजागऱ्यांना नुकतेच तेल दिले होते.

मी परत चौकटीत बसलो. अलगद फिरू लागलो. सगळे खूश झाले. बाईंनी आवाज मोजायचे यंत्र आत ठेवले आणि बाहेर येऊन मला लावले. आकडा उत्तम आला. त्या समाधानाने हसल्या. पण तो सोमवार होता. सोमवारी हा रस्ता बंद असतो. हातगाड्या नाहीत, ट्रक नाहीत, रंगाऱ्याचा पंप नाही. मोजमाप बरोबर होते, वार चुकला होता.

दवाखाना सुरू झाला. तपासणी सोपी असते. आत बसायचे, कानांवर गाद्या असलेले यंत्र लावायचे आणि बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. आवाज हळूहळू कमी करत नेतात. सगळ्यात बारीक कोणता ऐकू आला, त्याचा आलेख निघतो. पहिल्या आठवड्यात आले ते बहुतेक म्हातारे होते. त्यांना कमी ऐकू येते याचे कुणाला नवल वाटले नाही.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, ती मुलगी आली. वय चोवीस. बरोबर तिची आत्या. मुलीला शहराच्या बसवर ड्रायव्हर व्हायचे होते. गाडी चालवण्याची परीक्षा झाली होती, डोळे तपासून झाले होते. आता फक्त कानांचा दाखला राहिला होता आणि तो शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत डेपोत पोचायला हवा होता. नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाची. पुन्हा भरती कधी निघेल, कुणी सांगू शकत नव्हते.

बाईंनी आलेख पाहिला आणि रेघेवर बोट ठेवले.

"उंच पट्टीचे आवाज छान ऐकू येतात तुला. पण खालच्या पट्टीचे, घोगरे आवाज कमी येताहेत. नियमात बसत नाही हे."

"हिला कमी ऐकू येतं?" आत्याचा आवाज चढला. "अहो डॉक्टर, शेजारच्यांचं दूध उतू जायला लागलं की ही आमच्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगते! मी फोनवर हिच्याबद्दल कुजबुजले तरी ही तिसऱ्या खोलीतून उत्तर देते!"

"आत्या, गप ना."

"मी का गप? कान तुझे गेलेत, तोंड माझं शाबूत आहे!" मग ती बाईंकडे वळली आणि आवाज एकदम मऊ झाला. "सही करून टाका ना, डॉक्टर. पोर चार वर्षं यासाठी झटतेय. पहाटे उठून ट्रक चालवायला शिकली, माझ्या भावाच्या शिव्या खाऊन."

"सही मी खोटी करणार नाही," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी परत या. पुन्हा मोजू."

मुलगी माझ्याजवळ उभी होती. तिने माझ्या मुठीवर हात ठेवला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्या, डॉक्टरांना भरीला घालू नकोस. मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज मला खरंच कमी येत असेल, तर मी बस चालवूच नये. माणसं असतात मागे बसलेली."

आत्याने आलेख घडी करून पर्समध्ये टाकला. मित्रांनो, मी पूर्ण बंद होतच नव्हतो. माझ्याखालून पाव इंचाच्या फटीतून रस्त्यावरच्या ट्रकची घरघर आत जात होती, अगदी हलकी, कुणाला जाणवणारही नाही इतकी. कान सवयीचा आवाज गाळून टाकतो. कानांवरच्या गाद्या उंच पट्टीचे आवाज अडवतात, खालच्या पट्टीचे मात्र फारसे अडवत नाहीत. त्या घरघरीखाली तपासणीचे बारीक घोगरे सूर झाकले जात होते. मुलीचे कान चांगले होते. दोष माझ्यापाशी होता आणि मला सांगता येत नव्हते.

पण बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. गुरुवारी त्यांनी सगळे आलेख टेबलावर ओळीने मांडले. अकरा माणसे, अकराही जणांना खालच्या पट्टीत सारखीच उणीव. मग त्या स्वतः आत बसल्या आणि स्वतःची तपासणी केली. तीच उणीव.

"एका आठवड्यात अख्खा रस्ता एकसारखा बहिरा होत नाही," त्या स्वतःशी म्हणाल्या. "काहीतरी माझंच चुकतंय."

त्यांनी यंत्र तपासले. दुसऱ्या दवाखान्यातून दुसरे यंत्र मागवून पाहिले. उणीव हलेना.

शुक्रवारी सकाळी मुलगी आणि आत्या आल्या तेव्हा आणखी एक म्हातारा रांगेत होता. काटक, बुटका, हातात काठी. त्याचा नंबर आधी होता. तो माझ्यापाशी आला आणि थबकला. मी त्याला पावलांवरूनच ओळखले होते. आमचा मुकादम!

"अरे गड्या," तो म्हणाला आणि आपली काठी दुसऱ्या हातात घेऊन त्याने तळवा माझ्या पत्र्यावर ठेवला. "तुला जिवंत ठेवलंय होय!"

आता त्याला खरोखरच कमी ऐकू येत होते. बाईंना एकेक प्रश्न दोनदा विचारावा लागला. तो आत बसला, बाईंनी मला लावले. अर्ध्या मिनिटात त्याने आतून मला ढकलून उघडले.

"डॉक्टर, दार लागलेलं नाही."

"लागलंय, काका."

"काय?"

"दार लागलंय!"

"नाही लागलं. माझ्या घोट्याला वारा लागतोय. तीस वर्षं या दाराची राखण केलीय मी. आवाज मला ऐकू येत नाही, पण फट कळते. एक कागद द्या."

बाई इकडेतिकडे बघू लागल्या. आत्याने आपल्या पर्समधून बुधवारचा आलेख काढून पुढे केला. "हा घ्या काका. याचा दुसरा काही उपयोग नाही."

मुकादमाने कागदाची लांब घडी केली. माझ्या वरच्या कडेला ती धरून मला लावायला सांगितले आणि ओढली. कागद हलला नाही. डावी बाजू, हलला नाही. उजवी बाजू, हलला नाही. आमच्या धंद्यात दरवाजाची परीक्षा अशीच करत. कागद अडकला तर थंडी अडकते. मग तो, गुडघे कुरकुरत असताना, खाली बसला आणि त्याने घडी माझ्या खालच्या कडेला लावली. नुसते बोट मारले. मुलीचा आलेख माझ्याखालून सरकन निघून खोलीच्या मध्यावर जाऊन थांबला.

मग बाई खाली बसल्या. त्यांनी फटीला कान लावला आणि डोळे मिटले.

"ट्रक," त्या म्हणाल्या. "पंप. हातगाडी. सगळा बाजार येतोय इथून." त्यांनी कपाळावर हात मारला. "मी सोमवारी मोजलं होतं!"

"झालर कुठं गेली याची?" मुकादम विचारत होता. "खाली कातड्याची झालर होती. थंडी पहिल्यांदा खालूनच पळते, हे शेंबडं पोरही सांगेल."

बाईंनी निरोप धाडला आणि सुतार दहा मिनिटांत आला. त्याने फट पाहिली, बाईंकडे पाहिले आणि टोपी काढली.

"चुकलं माझं. लाकडाच्या हिशोबाने फट ठेवली. हा पत्र्याने मढवलेला, हा कशाला फुगतोय! विचारायला हवं होतं, याला खाली काय काम आहे म्हणून." मग मान हलवून म्हणाला, "इतकी वर्षं, दाराखाली जागा का नाही ठेवलीस म्हणून पोरांना बोललो. आज ठेवली म्हणून मी बोलणी खाल्ली."

"मी कुठं काय बोललो?" मुकादम म्हणाला.

"काका, तुम्ही सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलताय."

"काय?"

आत्या आधी हसली. मग सगळेच हसले आणि मुकादम, काय झाले ते न कळताही, त्यात सामील झाला.

त्या दुपारी सुताराने मला पुन्हा उतरवले. सागवानाची पट्टी रंधून माझ्या खालच्या कडेला स्क्रूने घट्ट बसवली. तिच्याखाली नमदा आणि त्यावर जाड कातडे. मुकादम स्टुलावर बसून सांगत होता, सुतार कान देऊन ऐकत होता. दोनदा पट्टी काढली, दोनदा लावली. तिसऱ्या वेळी कागद अडकला, ओढता ओढता फाटला, तेव्हा कुठे मुकादम उठला.

शनिवारी सकाळी अकरा वाजता बाजार ऐन भरात होता. बाईंनी मुद्दाम तीच वेळ घेतली. आधी त्यांनी यंत्राने आतला आवाज मोजला आणि आकडा वहीत लिहिला. मग मुलगी आत गेली. मी बंद झालो.

बाहेरच्या अंगाला आत्या माझी मूठ धरून उभी होती. रस्त्यावर ट्रक मागे जात होता, कुणी कांस्याच्या भांड्यांचा ढीग उतरवत होते, रंगाऱ्याचा पंप धडधडत होता. माझ्या आतल्या अंगाला काहीच नव्हते. त्या शांततेत एक घोगरा सूर आला, मुंगीच्या पावलाएवढा. तिने बटण दाबले. त्याहून बारीक आला. दाबले. त्याहूनही बारीक. मी तिचा श्वास ऐकत होतो. तो थांबला. पुन्हा बटण वाजले.

बाईंनी मला उघडले. आलेखाची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ होती.

"घे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दाखल्यावर सही केली. "ही खरी सही आहे. उशीर माझ्यामुळे झाला, त्याबद्दल माफ कर."

मुलीने कागद दोन्ही हातांनी धरला. "म्हणजे मला मागचं ऐकू येतं," ती म्हणाली. एवढेच. आत्या तिला धरून रडू लागली आणि मधेच डोळे पुसून म्हणाली, "चल, चल, बारा वाजत आले! पाचला बंद करतात ते!" दोघी जवळजवळ पळतच गेल्या. बाईंनी उरलेल्या दहा जणांना पत्रे लिहून पुन्हा बोलावून घेतले. मुकादमाचे कान मात्र खरेच कमी होते. त्याला यंत्र मिळाले. तो आता दर सोमवारी कागद घेऊन येतो. सोमवारी दवाखाना बंद असतो, हे त्याला सांगून झाले आहे. तो म्हणतो, ऐकू आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही असा एखादा रस्ता असेल. खालच्या पाट्या वाचून झाल्या की जरा मान वर करून चाला. एखादी भिंत उगाच जाड वाटेल, एखादी जमीन उगाच उतरती, एखादा दरवाजा उगाच जड. त्या 'उगाच'मागे कुणाचे तरी डोके आणि कुणाचे तरी हात असतात. जुने पाडू नका, एवढेच मी म्हणणार नाही. मलाही कापावेच लागले, नाही तर मी आज अडकून पडलो असतो. फक्त करवत लावण्याआधी विचारा, हे इथे काय काम करत होते. ज्याला माहीत आहे तो म्हातारा असेल, बहिरा असेल, तर दोनदा विचारा.

आणि कधी या दवाखान्यात आलात, तर मला आपटू नका. खांदा लावा आणि हळूच दाबा. आत कुणीतरी ऐकत बसलेले असते.